दीड हजारी खेळाडू

जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, मानांकन यादीतल्या बहुतेक खेळाडूंच्या नावापुढे २००० पेक्षा लहान आकडा असतो. ग्रँडमास्टर व्हायला २५०० लागतात, इंटरनॅशनल मास्टरला २४००, फिडे मास्टरला २३०० आणि कँडिडेट मास्टर या खुल्या गटातल्या सर्वांत खालच्या किताबाला २२००. किताबाची ही पहिली पायरीसुद्धा यादीतल्या बहुसंख्य लोकांपासून कित्येक शे गुण लांब आहे आणि त्यांतल्या बहुतेकांसाठी ती आयुष्यभर लांबच राहणार आहे. नोकरीधंदा सांभाळून सुट्टीच्या दिवशी स्पर्धा खेळणारा, घरात बुद्धिबळाची पाचसहा पुस्तके असलेला आणि त्यांतली दोन अर्धी वाचलेला, रात्री जेवणानंतर फोनवर चार डाव टाकणारा जो खेळाडू सगळीकडे भेटतो, तो साधारण दीड हजारांच्या घरात असतो. पूर्वीच्या पंचहजारी सरदारांच्या चालीवर त्याला दीड हजारी म्हणायला हरकत नाही.

हा खेळाडू कच्चा नसतो. सोसायटीत, कचेरीत किंवा लग्नघरी पट मांडला गेला, तर त्याला सहसा कोणी हरवत नाही. घोड्याचा दुहेरी हल्ला त्याला दिसतो, किल्लेकोट तो वेळेवर करतो, राजा आणि हत्ती एवढ्यावर मात कशी द्यायची हे त्याला शिकवावे लागत नाही. तोच माणूस मानांकन स्पर्धेच्या हॉलमध्ये शिरतो. समोरच्या खुर्चीवर पाय खाली न टेकणारी नऊदहा वर्षांची मुलगी बसलेली असते. ती तीस-बत्तीस चालींत त्याला निकालात काढते, चालींच्या कागदावर सही घेते आणि बाहेर थांबलेल्या आईकडे पळत सुटते. पुण्यामुंबईच्या कोणत्याही खुल्या स्पर्धेत पहिल्या दोन फेऱ्यांत हा प्रसंग दिसतो. सोसायटीतला खेळ आणि हॉलमधला खेळ यांत त्याची ताकद तीच असते, फक्त तुलनेला घेतलेली माणसे बदलतात. सरासरी असण्याचा सगळा सल याच ठिकाणी सुरू होतो आणि तो समजून घ्यायचा तर आधी आकडा समजून घ्यावा लागतो.

खेळाडूला आकड्याने ओळखण्याची पद्धत फार जुनी नाही. भारताची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये आंध्रातल्या एलुरू इथे झाली, तीत रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. त्या काळी देशी पद्धतीने, म्हणजे पहिल्या चालीतही प्यादे एकच घर सरकवून खेळणारे जुने खेळाडू भरपूर होते. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने अनेक दशके स्पर्धा भरवल्या; बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे-ठिपसे सांगलीच्याच. मुंबईत खाडिलकर भगिनी पुढे आल्या. वासंती खाडिलकर १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकल्या, तर रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. या नामवंतांच्या भोवती मंडळात बसणारी शेकडो माणसे होती. कोण कोणाला भारी पडतो, कोणाला उंटांची जोडी मिळाली की आवरत नाही, कोण वजिरावजिरी झाली की ढेपाळतो, हे सगळ्यांना ठाऊक असे. पण त्या माणसांना आकडा नव्हता, कारण मोजमाप त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

मोजमापाची पद्धत बसवली अर्पाद एलो यांनी. १९०३ मध्ये हंगेरीत जन्मलेले एलो अमेरिकेत वाढले आणि मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत. ते स्वतः विस्कॉन्सिन राज्याचे अनेकदा विजेते ठरलेले, पण हौशीच खेळाडू होते. अमेरिकेच्या संघटनेने त्यांची पद्धत १९६० मध्ये आणि फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. पद्धतीचा गाभा साधा आहे. दोन खेळाडूंच्या आकड्यांतल्या फरकावरून त्यांच्या डावाचा अपेक्षित निकाल काढायचा आणि प्रत्यक्ष निकाल त्यापेक्षा चांगला की वाईट यावरून गुण वाढवायचे किंवा कमी करायचे. आकडे सारखे असतील तर दोघांची अपेक्षा अर्धी-अर्धी. फरक २०० असेल तर वरच्याकडून १०० डावांत ७६ गुणांची अपेक्षा असते, खालच्याकडून २४ गुणांची.

प्रौढ हौशी खेळाडूसाठी बदलाचा गुणक, म्हणजे प्रत्यक्ष आणि अपेक्षित निकालातला फरक ज्याने गुणायचा तो आकडा, सामान्यतः २० असतो. १५०० वाल्याने १७०० वाल्याला हरवले तर त्याला १५.२ गुण मिळतात, बरोबरी केली तर ५.२ मिळतात आणि तो हरला तर ४.८ जातात. बरोबरीच्या खेळाडूशी जिंकले तर १० आले, हरले तर १० गेले. आता हा खेळाडू वर्षभर मेहनत करून खरोखर सुधारला असे समजू. काही स्पर्धांत त्याचे गुण वाढतील, आकडा १६०० होईल आणि मग त्याच्यासमोर १६०० वाले बसू लागतील. त्यांच्याशी त्याची अपेक्षा पुन्हा अर्धीच. १४०० वर अर्धे डाव जातात, १६०० वर अर्धे जातात, २००० वरही आपल्या तोडीच्या लोकांशी अर्धेच जातात. चढत गेले की हरणे कमी होईल ही जी आशा बहुतेकांच्या मनात असते, तिला या गणितात जागाच नाही. जगात एकच माणूस असा असतो की ज्याच्या वर कोणी नाही. मॅग्नस कार्लसनने २०१४ मध्ये २८८२ हा आजवरचा सर्वोच्च आकडा गाठला आणि त्यानंतरही तो डाव हरतच आला आहे.

सुरुवातीला ही मोजणी फक्त वरच्या थरासाठी होती. अनेक वर्षे पुरुषांना २२०० च्या खाली फिडेचे मानांकन मिळतच नसे. ही मर्यादा हळूहळू उतरत २०१२ मध्ये १००० वर आली आणि शाळेतल्या मुलापासून निवृत्त बँक कर्मचाऱ्यापर्यंत सगळे एका यादीत आले. खेळाचा प्रसार यामुळे झाला यात शंका नाही. मात्र पूर्वी जो माणूस मंडळातला बरा खेळाडू म्हणून समाधानाने जगत होता, त्याला आता जगात आपला नंबर काही लाखांच्या पलीकडे आहे हे महिन्याच्या महिन्याला कळू लागले. ऑनलाइन खेळात तर प्रत्येक डावानंतर कळते. तिथले आकडे वेगळ्या सूत्राने चालतात. लीचेस या मोफत संकेतस्थळावर नवा खेळाडू १५०० पासून सुरू होतो, तर चेस डॉट कॉमवर रॅपिड खेळणाऱ्यांपैकी बहुसंख्य हजाराच्या खाली असतात. त्यामुळे एका ठिकाणचा १७०० दुसऱ्या ठिकाणच्या १७०० शी लावून पाहण्यात अर्थ नसतो. तरीही लोक लावून पाहतात आणि त्यातला जो मोठा असेल तो ओळखीत सांगतात.

आकडा जितका नेमका दिसतो तितका तो नसतो. खुद्द एलोंनी आपल्या मोजणीविषयी लिहिताना पाण्यावर वरखाली होणारे बूच वाऱ्यात हेलकावणाऱ्या दोरीला बांधलेल्या फूटपट्टीने मोजण्याची उपमा दिली होती. साधा हिशेब करून पाहता येतो. नऊ फेऱ्यांची स्पर्धा, नऊही प्रतिस्पर्धी बरोबरीचे, म्हणजे अपेक्षा साडेचार गुणांची. नाणेफेकीच्या गणिताने यात दीड गुण इकडेतिकडे होणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. २० च्या गुणकाने दीड गुण म्हणजे मानांकनाचे ३० गुण. डाव बरोबरीत सुटत असल्याने प्रत्यक्षात हा हेलकावा थोडा कमी असतो. तरीही खेळात तसूभर फरक न पडता एका आठवड्यात २५-३० गुण येतात किंवा जातात, आणि माणूस एकदा ‘आता फॉर्म सापडला’ म्हणतो, एकदा ‘डोके चालेनासे झाले’ म्हणतो.

स्पर्धेची रचनाही मधल्यांना मध्येच ठेवते. खुल्या स्पर्धा बहुधा स्विस लीग पद्धतीने होतात. ही पद्धत प्रथम १८९५ मध्ये झुरिक इथे वापरली गेली. तीत बाद कोणी होत नाही, प्रत्येक फेरीत सारखे गुण झालेल्यांच्या जोड्या लागतात. शंभर खेळाडू आणि नऊ फेऱ्या असतील तर प्रत्येक फेरीत ५० गुण वाटले जातात, एकूण ४५०. माणशी सरासरी साडेचार. पहिल्या फेरीत यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो, म्हणून दीड हजारीची गाठ बलाढ्य माणसाशी पडते. तिथे हरला की दुसऱ्या फेरीत सोपा प्रतिस्पर्धी येतो, तिथे जिंकला की पुन्हा अवघड. असे करत शेवटी चार, साडेचार किंवा पाच गुणांवर गाडी थांबते. साडेचार गुण घेऊन घरी आलेल्या माणसाला ‘कितवा आलास?’ असे विचारले जाते तेव्हा त्याला खजील वाटते. ज्या हॉलमध्ये सगळ्यांचे मिळून ठरलेलेच गुण वाटायचे असतात, तिथे निम्म्या लोकांनी साडेचारच्या आसपास राहिल्याशिवाय कोणाला आठ मिळणार कसे, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

भारतात, आणि महाराष्ट्रात विशेषच, यात आणखी एक भर पडते ती मुलांची. इथल्या मुलांची प्रगती त्यांच्या आकड्यापेक्षा पुढे धावत असते. सहा महिने रोज शिकवणीला जाणारे, हजारो कोडी सोडवलेले मूल १४५० चे मानांकन घेऊन येते आणि १७५० चा खेळ करते. अठरा वर्षांखालच्या, २३०० पेक्षा कमी मानांकनाच्या खेळाडूसाठी गुणक ४० असतो, त्यामुळे सारख्या मानांकनाच्या प्रौढाला मुलाने हरवले तर मुलाला २० गुण मिळतात आणि प्रौढाचे १० जातात. मुलगा वर निघून जातो, त्याच्या जागी दुसरा येतो. प्रौढ खेळाडू मात्र त्याच टेबलावर बसून नव्या नव्या पिढीला गुण देत राहतो. त्याचा खेळ पूर्वीइतकाच चांगला, कदाचित किंचित सुधारलेलाही असतो. तरी आकडा घसरतो. खालच्या थरातले आकडे प्रत्यक्ष ताकदीपेक्षा फार उतरले आहेत हे अखेर फिडेनेही मान्य केले. मार्च २०२४ मध्ये २००० च्या खालच्या प्रत्येकाच्या मानांकनात, ते २००० पेक्षा जितके कमी असेल त्याच्या ४० टक्के, एवढी वाढ एकदाच करण्यात आली. १५०० चे एका रात्रीत १७०० झाले. यादीची किमान मर्यादाही १४०० झाली. त्या दिवशी कोणाचाही घोडा अधिक चांगला चालू लागला नव्हता.

मग प्रश्न उरतो तो मेहनतीचा. मनापासून कष्ट घेतले तर दीड हजारी माणूस २२०० पर्यंत का जाऊ नये? याचे उत्तर शोधणाऱ्यांत पहिले नाव डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांचे. ते स्वतः नेदरलँड्सकडून ऑलिंपियाड खेळलेले होते. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधात त्यांनी जगातल्या अव्वल खेळाडूंना आणि चांगल्या हौशी खेळाडूंना एकच पोझिशन देऊन मोठ्याने विचार करायला लावले होते. श्रेष्ठ खेळाडू फार खोलवर चाली मोजत असतील ही अपेक्षा फोल ठरली. ते हौशींपेक्षा काही फार पुढचे पाहत नव्हते. त्यांना योग्य चाल आधीच, जवळजवळ पाहता क्षणी दिसत होती. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये हेच सूत्र पुढे नेले. खऱ्या डावातली पोझिशन पाच सेकंद दाखवून झाकली तर मास्टर पटाचा बराच मोठा भाग पुन्हा मांडत असे, नवखा चारपाच मोहरे. मोहरे कसेही विखरून मांडले की मास्टरची जादू बरीचशी ओसरे. याचा अर्थ मास्टरची सर्वसाधारण स्मरणशक्ती अफाट नसते. त्याच्या डोक्यात बुद्धिबळातल्या आकृतिबंधांचा हजारोंचा साठा असतो, आणि तो साठा वर्षानुवर्षे बसून जमवलेला असतो. बुद्धिमत्तेशी या खेळाचा संबंध संशोधनात आढळतो, पण माफक. हरलेला डाव हा अकलेचा दाखला मानण्याची जी सवय आहे, तिला शास्त्राचा फारसा आधार नाही.

साठा जमवायला किती वेळ लागतो, हेही तपासले गेले आहे. फेर्नांद गोबे आणि गिलेर्मो काम्पितेली यांनी अर्जेंटिनातल्या शंभरावर खेळाडूंचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. मास्टरच्या पातळीला पोहोचायला लागलेले तास सरासरी ११ हजारांच्या आसपास होते. पण खरी गोष्ट सरासरीत नव्हती. कोणी तीन हजार तासांतच तिथे पोहोचला होता, तर कोणाला तेवीस हजारांहून अधिक तास लागले होते. आणि त्याहून जास्त तास घालूनही काहीजण पोहोचलेच नव्हते. लहानपणी खेळायला लागलेल्यांना मोठेपणी सुरुवात केलेल्यांपेक्षा स्पष्ट फायदा दिसला. नोकरी करणारा माणूस रोज एक तास नेमाने देईल असे धरले, तर अकरा हजार तासांना तीस वर्षे लागतात. मेहनत वाया जात नाही, हे खरेच. पण मेहनतीचा भाव सगळ्यांना सारखा मिळत नाही, हेही तितकेच खरे आहे, आणि शिकवणीवर्गाच्या जाहिरातीत ते सहसा छापलेले नसते.

अपवाद आहेत. मायकेल द ला माझा या अमेरिकन हौशी खेळाडूने १९९९ ते २००१ या दोन वर्षांत तेराशेच्या घरातून दोन हजारांपर्यंत मजल मारली. त्याची पद्धत म्हणजे डावपेचांची तीच ती कोडी, पुन्हा पुन्हा, दर वेळी अधिक वेगाने सोडवायची. वर्ल्ड ओपनमध्ये दोन हजारांखालच्या गटाचे मोठे बक्षीस त्याने जिंकले, पद्धतीवर पुस्तक लिहिले आणि स्पर्धात्मक खेळ सोडून दिला. त्याच्या पुस्तकावर जगभरच्या क्लबांत वर्षानुवर्षे वाद झाले. वादाचा विषय पद्धत बरोबर की चूक हा होता. दोन वर्षे असे जगल्यावर त्याला खेळत राहावेसे वाटले नाही, या गोष्टीकडे त्या मानाने कमी लोकांनी लक्ष दिले.

स्कॉटिश ग्रँडमास्टर जोनाथन रोसन यांनी २००५ च्या ‘चेस फॉर झेब्राज’ या पुस्तकात प्रौढ खेळाडू अडकून का पडतो याचे मार्मिक विवेचन केले आहे. प्रौढाला माहिती हवी असते. खेळ मात्र सरावाने अंगात मुरलेल्या कौशल्यावर चालतो. म्हणून तो सिसिलियन या ओपनिंगची नवी शाखा पाठ करतो, कॅरो-कानवरचे व्हिडिओ पाहतो, पुस्तके विकत घेतो आणि शनिवारी अठराव्या चालीला उंट फुकट देऊन बसतो. दीड हजारी पातळीवरचे डाव ओपनिंगमध्ये क्वचितच हरले जातात. ते हरले जातात आधार नसलेल्या मोहऱ्यामुळे, प्रतिस्पर्ध्याने आत्ता ही चाल का केली हा प्रश्न न विचारल्यामुळे, आणि घड्याळात चार मिनिटे उरल्यावर घाबरून खेळल्यामुळे. हे त्या खेळाडूलाही माहीत असते. पण ‘सुरुवातीलाच मार खाल्ला’ म्हणणे ‘मला उंट दिसला नाही’ म्हणण्यापेक्षा सोयीचे असते.

संगणकाने या दुखण्यात भर घातली. मे १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. आज स्टॉकफिशसारखे इंजिन प्रत्येकाच्या फोनवर फुकट मिळते आणि ते त्या डीप ब्लूपेक्षा कितीतरी बलवान आहे. डाव संपताच ते प्रत्येक चुकीवर लाल खूण करते. वीस वर्षांपूर्वी दोघे हौशी खेळाडू डावानंतर पटावर बसून तासभर वाद घालत, इथे हत्ती घ्यायला हवा होता की नाही. त्या वादातून चूक उत्तर निघाले तरी दोघांचा विचार झालेला असे. आता पाच सेकंदांत बरोबर उत्तर मिळते आणि विचार होत नाही. वर आपण जिंकलेल्या, खूष होऊन आलेल्या डावातही सहा घोडचुका होत्या हे समजते. इंजिनाचा वापर वाईट नाही. आधी स्वतः डाव तपासून, आपली कारणे कागदावर लिहून मग ते उघडावे, एवढा साधा क्रम बहुतेकांना पाळवत नाही.

आपण सरासरी आहोत हे न पटलेला खेळाडू काय करतो, ते ओळखता येण्याजोगे आहे. एक प्रकार रेटिंग सांभाळणाऱ्यांचा. चांगला आकडा लागला की ते स्पर्धा खेळणेच थांबवतात, पुढच्या वर्षी तयारी करून उतरू म्हणतात आणि आकडा सांभाळत खेळ गमावतात. दुसरा प्रकार रात्री अकरा वाजता ऑनलाइन ब्लिट्झ हरल्यावर गेलेले गुण वसूल करायला बसणाऱ्यांचा; एक वाजेपर्यंत दीडशे गुण गेलेले असतात. तिसरा प्रकार नीतीच्या दृष्टीने वाईट आहे. १६०० च्या किंवा २००० च्या खालच्या खेळाडूंसाठी स्वतंत्र स्पर्धा होतात, काहींत एकूण बक्षिसे लाखांत असतात. त्यांत बसण्यासाठी आधीच्या स्पर्धांत मुद्दाम हरून मानांकन खाली ठेवणारे लोक असतात, आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक दीड हजारीच्या वाट्याचे बक्षीस जाते. चौथा प्रकार सरळ खेळ सोडणाऱ्यांचा. मंडळांचे आणि स्पर्धांचे सर्वांत मोठे नुकसान हेच लोक करतात, कारण ते बहुधा चांगले, अभ्यासू आणि स्वतःवर फार कडक असतात.

स्वीकार म्हणजे प्रयत्न सोडणे असा समज आहे, तो खोटा ठरवायला गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांचे उदाहरण पुरेसे आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संकेतलिपी फोडणाऱ्या पथकात ह्यू अलेक्झांडर, स्टुअर्ट मिल्नर-बॅरी आणि हॅरी गोलोम्बेक असे ब्रिटनचे नामांकित बुद्धिबळपटू होते. त्यांच्यात बसणारे ट्युरिंग खेळाडू म्हणून अगदीच सामान्य होते. गोलोम्बेक त्यांना वजीर काढून खेळत आणि तरी जिंकत. ट्युरिंग यांनी खेळाचा नाद सोडला नाही. यंत्राने बुद्धिबळ कसे खेळावे याचे नियम त्यांनी डेव्हिड चँपरनाऊन यांच्यासोबत १९४८ च्या सुमारास तयार केले. ते चालवील असा संगणक हाताशी नव्हता, म्हणून १९५२ मध्ये ट्युरिंग स्वतःच कागदावर हिशेब करत, एकेका चालीला बराच वेळ घालवत ॲलिक ग्लेनी या सहकाऱ्याशी तो डाव खेळले. यंत्राच्या वतीने ते २९ चालींत हरले.

सामान्य खेळाडूला या खेळात पूर्णत्व मिळू शकते असे काही कोपरेही आहेत. पांढरा राजा ई६ वर, त्याच्यामागे पांढरे प्यादे ई५ वर आणि काळा राजा ई८ वर, बाकी पट रिकामा, अशी पोझिशन घ्यावी. चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. पांढऱ्याची चाल असेल तर राजा डी६ वर न्यायचा. काळा डी८ वर आला की प्यादे ई६ वर. काळा ई८ वर परतला की प्यादे ई७ वर. आता काळ्याला एफ७ वर जाण्यावाचून गत्यंतर नाही, आणि पांढरा राजा डी७ वर येऊन प्याद्याचा वजीर करतो. तेच प्यादे कडेच्या, ए किंवा एच पट्टीवर असते तर असा डाव जिंकता आला नसता. पांढरा राजा प्याद्याच्या मागे आणि काळा राजा प्याद्याच्या थेट समोर असता, तर अचूक बचावाने बरोबरी झाली असती. एवढे ज्याला पक्के समजले, तो या पोझिशनमध्ये कार्लसनइतकाच चांगला खेळतो. त्याहून चांगले खेळणे इथे शक्यच नाही. अंतिम डावातल्या अशा पंधरावीस पोझिशन घोटून बसवायला एक पावसाळा पुरतो, आणि वय त्याच्या आड येत नाही.

जे खेळाडू वर्षानुवर्षे आनंदाने खेळताना दिसतात, त्यांची उद्दिष्टे आपल्या हातातली असतात. आकडा प्रतिस्पर्ध्याच्या खेळावरही ठरतो. घड्याळात वेळ राखणे, प्रत्येक चालीपूर्वी समोरच्याचा डाव काय आहे हे पाहणे, प्रत्येक डावाची नोंद ठेवून तो तपासणे हे स्वतःवरच अवलंबून असते. असे खेळाडू झटपट डावांपेक्षा लांब पल्ल्याचे डाव अधिक खेळतात. काहीजण बक्षिसाच्या यादीकडे न पाहता ज्येष्ठांच्या किंवा कार्यालयीन सांघिक स्पर्धांत रमतात. काही पंचाची परीक्षा देतात, काही गावात शनिवारचा वर्ग घेतात. दीड हजारी माणूस दहा वर्षांच्या मुलाला पहिली दोन वर्षे उत्तम शिकवू शकतो, कारण उंट फुकट कसा जातो हे त्याच्याइतके जवळून कोणाला माहीत नसते.

मुलांच्या बाबतीत हा विचार पालकांनीही करायला हवा. जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकून भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, आणि साहजिकच घरोघरी पट उघडले गेले. वर्गात येणाऱ्या शंभर मुलांतले नव्याण्णव ग्रँडमास्टर होणार नाहीत. हा अंदाजही उदारच आहे. दहावीच्या वर्षी खेळ बंद करून पट माळ्यावर टाकण्यापेक्षा, किताबाचा नाद सोडून महिन्याला एक स्पर्धा चालू ठेवणे मुलाच्या जास्त कामाचे आहे. हॉलबाहेर उभ्या असलेल्या पालकांनी ‘जिंकलास का?’ याऐवजी ‘दाखव डाव’ असे म्हटले तर निम्मे काम होते.

ज्यांना चाळिशी-पन्नाशीत सुरुवात करावीशी वाटते त्यांच्यासाठी शेवटी व्यवहाराची माहिती. मानांकन स्पर्धेत खेळायला अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे नोंदणी करून फिडेचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. पहिले मानांकन मिळायला मानांकित खेळाडूंशी किमान पाच डाव लागतात. खुल्या स्पर्धेला वयाची अट नसते. मोबाइल बाहेर ठेवायचा, मोहऱ्याला हात लावला की तोच चालवायचा, चाली लिहायच्या. पहिल्या फेरीत बहुधा हार होईल, आणि दुसऱ्या फेरीची जोडी थोड्या वेळात फलकावर लागेल.